कळपाचे वैद्यक, एकटी कोंबडी

पुण्यात कोंबडी आजारी पडली तर तिला कुठे न्यायचे, हा प्रश्न खरे तर या शहराला पडू नये. सोलापूर रस्त्याला लागले की लोणी काळभोरला कुक्कुटरोगांचे निदान आणि संशोधन करणारे केंद्र आहे. पुढे उरुळी कांचनला कुक्कुटपालन शिकवणारी, डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची संस्था आहे. औंधला राज्याचे पशुसंवर्धन आयुक्तालय, कोंबड्यांच्या लसी तयार करणारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आणि रोग अन्वेषण विभागाची पश्चिम विभागीय प्रयोगशाळा आहे. खडकीला सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. डॉ. राव यांची वेंकटेश्वरा हॅचरीज १९७१ साली हैदराबादला सुरू झाली, पण तिचे बस्तान पुण्यात बसले. अंड्यांचे रोजचे भाव जाहीर करणारी नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी १९८२ साली उभी राहिली, तीही डॉ. राव यांच्याच पुढाकाराने. कोंबडीविषयीचे एवढे ज्ञान एका जागी असलेली शहरे देशात मोजकीच असतील.

तरीही कोथरूडच्या गच्चीवर किंवा धायरीच्या अंगणात वाढलेली एखादी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली की घरच्यांची धावपळ सुरू होते. जवळच्या पशुवैद्यांना फोन केला तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "आम्ही कुत्री-मांजरी बघतो." पोल्ट्रीच्या डॉक्टरांना गाठले तर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "शेडमध्ये पक्षी किती?" एकच आहे म्हटले की बोलणे तिथेच अडते. पहिल्या डॉक्टरांना हा रोगी परका असतो. दुसऱ्यांना रोग तळहातावरच्या रेषांसारखे ठाऊक असतात, पण एकट्या रोग्यावर इलाज करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. या दोघांच्या मध्ये अडकलेली कोंबडी शहरातल्या साध्या, गल्लीतल्या दवाखान्यानेच हाती घ्यायला हवी. त्यात भूतदया तर आहेच, पण शहराच्या आरोग्याचाही मोठा स्वार्थ आहे.

शहरात कोंबड्या पाळतो कोण, इथपासून सुरुवात करावी लागेल. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. आंबेगाव, सूस, म्हाळुंगे, मांजरी, वाघोली इथल्या घरांपुढे डालगी आणि खुराडी पिढ्यान्‌पिढ्या होती. हद्द सरकली आणि ती घरे खुराड्यांसकट शहरात आली. २०१९ च्या पशुगणनेत देशात पंच्याऐंशी कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांतले सुमारे एकतीस कोटी सत्तर लाख परसातले होते, आणि ही परसातली संख्या आधीच्या गणनेपेक्षा जवळपास निम्म्याने वाढलेली होती. म्हणजे शेड वाढल्या म्हणून अंगणातली कोंबडी संपली, असे झालेले नाही.

या गावरान कोंबड्यांच्या जोडीला शहराने आपल्या कोंबड्याही आणल्या. कोणी गिरिराज, वनराज, कावेरी यांची पिल्ले आणून बंगल्याच्या मागे सोडतो, कोणाला कडकनाथची हौस असते. एखादी तरुण मुलगी चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यातून एक पांढरी कोंबडी विकत घेऊन घरी आणते आणि तिला नाव ठेवते. आणि दरवर्षी शाळांबाहेर, आठवडी बाजारात, जत्रेत पुठ्ठ्याच्या खोक्यांमधून गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले विकायला येतात.

या रंगीत पिल्लांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण कितीतरी घरांत कोंबडी येते ती याच वाटेने. अंड्यांच्या जातीची पिल्ले उबवली की त्यांत निम्मे नर निघतात. ते अंडी देणार नाहीत आणि मांसासाठी लवकर भरणारही नाहीत, त्यामुळे उद्योगाला ते नकोच असतात. जगभर अशी पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यांतली काही रंगात बुडवून रस्त्यावर येतात, आणि त्यांत मांसाच्या जातीचीही मिसळलेली असतात. पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश तापमानाची ऊब लागते, पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. बुटाच्या खोक्यात, फरशीवर, रात्री पंख्याखाली ठेवलेले पिल्लू दोन-तीन दिवसांत मान टाकते आणि घरातले लहान मूल आयुष्यातला पहिला मृत्यू पाहते. डॉक्टरांकडे ते पोचलेच तर औषधाआधी त्याला हवा असतो दिव्याचा शेक, साखरपाण्याचे थेंब आणि पिल्लांचे खाद्य. एवढे साधे ज्ञान ज्या दवाखान्यात आहे, तिथून ते पिल्लू बहुतेक वेळा जिवंत घरी जाते.

जगलेले पिल्लू मांसाच्या जातीचे, म्हणजे ब्रॉयलर निघाले तर पुढचा प्रश्न वेगळाच. हा पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा व्हावा, असाच निपजवलेला असतो. त्यापुढे त्याने जगावे, हा विचार त्याच्या पैदाशीत नाही. पाय वजन पेलत नाहीत, हृदय थकते, पोटात पाणी साठते. घरचे लोक त्याला मायेने भरभरून खाऊ घालतात, आणि नेमके तेच त्याला मारते. अशा कोंबडीला मोजून खाद्य देणे, हिंडायला लावणे आणि आठवड्याला वजन करून वहीत लिहिणे हाच उपचार. लठ्ठ कुत्र्याच्या मालकाला आहार समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांना यात अवघड असे काहीच नाही.

अडचण अशी की कोंबडीचे सगळे वैद्यक कळपाच्या हिशेबाने रचलेले आहे. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये मर वाढली तर डॉक्टर मेलेले चार आणि आजारी दोन पक्षी उघडून बघतात, निदान करतात आणि उरलेल्यांचा इलाज ठरवतात. शवविच्छेदन ही तिथली पहिली तपासणी असते. घरातल्या एकुलत्या कोंबडीच्या बाबतीत हा मार्गच बंद. औषधे पाण्यात विरघळणाऱ्या पावडरीच्या रूपात येतात, लिटरला इतके ग्रॅम अशा मापाने. पण आजारी कोंबडी पाणीच पीत नाही, त्यामुळे औषध भांड्यात राहते. लसीची बाटली शंभर, पाचशे, हजार डोसांची असते आणि एकदा विरघळवली की बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवावी लागते. तीन कोंबड्या पाळणाऱ्याने उरलेल्या सत्त्याण्णव डोसांचे काय करायचे?

परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत कुक्कुटपालनही शिकवतात आणि पक्ष्यांचे रोगही. पण शिकवण्याचा रोख उत्पादनाकडे असतो, आणि पदवीनंतर शहरात दवाखाना टाकणाऱ्याच्या हाताखालून पुढची वर्षानुवर्षे कुत्री आणि मांजरेच जातात. कोंबडी आली की त्यांचा हात आखडतो. तो आखडू नये म्हणून फार मोठी यंत्रे लागत नाहीत. लागते ती थोडी पक्ष्याच्या शरीराची जाण आणि टेबलावरची दहा मिनिटे.

ती दहा मिनिटे कशी जातात ते पाहण्यासारखे आहे. जाणता डॉक्टर कोंबडीला लगेच हात लावत नाही. आधी टोपलीतच तिच्याकडे बघतो. श्वासागणिक शेपटी वर-खाली होते का, चोच उघडी आहे का, एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून ती बसली आहे का. मग टोपलीतल्या कागदावरची विष्ठा. निरोगी विष्ठा तपकिरी आणि वर पांढरी टोपी. अधूनमधून पडणारी चॉकलेटी, चिकट आणि उग्र वासाची विष्ठाही नैसर्गिकच असते, पण तिला हगवण समजून घाबरलेले मालक बरेच. गर्द हिरवी विष्ठा मात्र पोट रिकामे असल्याची किंवा त्याहून गंभीर कशाची तरी खूण. रक्त दिसले आणि पिल्लू लहान असले तर कॉक्सिडिओसिसचा, म्हणजे रक्ती हगवणीचा संशय. काचपट्टीवर चिमूटभर विष्ठा आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर तो तिथेच पडताळता येतो.

मग कोंबडी उचलायची. पंख अंगाशी धरायचे, छाती मोकळी सोडायची. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. घाबरलेल्या कोंबडीला कोणी घट्ट छातीशी आवळले तर ती हातातच गुदमरते, आणि दोष आजाराला दिला जातो. बोटे छातीच्या हाडावरून फिरवली की खरी हकिगत कळते. हाड सुरीच्या धारेसारखे लागले तर कोंबडी कित्येक आठवडे खंगत होती आणि पिसांनी ते झाकून ठेवले होते. कोंबडी दुखणे लपवते, कारण कळपात दुबळी दिसणारी चोची खाते. "काल तर चांगली होती हो," असे मालक कळवळून सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात.

गळ्याखालची अन्नाची पिशवी सकाळी रिकामी हवी. ती चेंडूसारखी कडक लागली तर वाळके गवत, दोरा, भाकरीचा गोळा अडकलेला असतो. पाण्याने भरल्यासारखी डुचमळली आणि तोंडाला आंबूस वास आला तर आत बुरशी माजलेली असते. तोंडात पिवळट पापुद्रे असतील तर देवीच्या आजाराचा विचार करावा लागतो. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती उवा-पिसवांचा शोध घ्यायचा. पायावरचे खवले उचलल्यासारखे दिसले तर तिथे खरजेचे किडे असतात. तळव्याला काळा खडा चिकटल्यासारखा दिसला तर आत पू गोठलेला असतो, कारण पक्ष्याचा पू वाहत नाही, पनीरासारखा घट्ट होतो. अंगाचे तापमान ४१-४२ अंश असते. कुत्र्याच्या मापाने ते ताप वाटेल, कोंबडीसाठी ते रोजचेच आहे.

रक्त पंखाच्या शिरेतून घेता येते, वजनाच्या एक टक्क्यापर्यंत बिनधोक. पण पक्ष्याच्या तांबड्या पेशींनाही केंद्रक असते, त्यामुळे दवाखान्यातले रक्त मोजणारे यंत्र आकडे चुकवते. काचपट्टीवर पेशी डोळ्यांनी मोजाव्या लागतात. इंजेक्शन छातीच्या स्नायूत द्यायचे, कारण पायातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते. तोंडाने औषध देताना सिरिंज चोचीच्या कडेने घालायची. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते आणि घाईत सोडलेले दोन मिलिलिटर पाणी थेट फुप्फुसात जाते. भूल द्यायची वेळ आली तर नळी फुगवायची नाही, कारण पक्ष्याच्या श्वासनलिकेच्या कड्या पूर्ण गोल आणि न ताणणाऱ्या असतात. हे सगळे पुस्तकात आहे. हातात यायला मात्र चार कोंबड्या बघाव्या लागतात.

वय वाढलेल्या कोंबड्यांची निम्मी दुखणी अंड्याशी निगडित असतात. रानातली कोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आजची अंड्यांची जात तीनशेच्या वर घालते. एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यांतले वीसेक तास कवच चढण्यात जातात आणि दर कवचामागे सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम अंगातून निघते. शेडमधली कोंबडी साधारण दीड वर्षाची झाली की विकली जाते, म्हणून तिचे म्हातारपण कोणी पाहत नाही. घरातली कोंबडी सहा-सात वर्षे जगते, आणि उद्योगाने जे कधी बघितलेच नाही ते घरच्या माणसांना आणि त्यांच्या डॉक्टरांना बघावे लागते. अंडे अडकते, गर्भाशय बाहेर येते, बलक पोटात सांडून तिथे जंतू वाढतात. अंडाशयाचा कर्करोग आपणहून आणि वारंवार होणारे फार थोडे प्राणी आहेत, त्यांत कोंबडी आहे. स्त्रियांच्या त्याच रोगावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ म्हाताऱ्या कोंबड्यांकडे वळले ते त्यामुळेच.

अंडे अडकलेली कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहते, शेपटी खाली टाकते, कण्हते. एक्स-रे काढला की अंड्याचे कवच स्वच्छ दिसते. कवच न चढलेले अंडे मात्र त्यात दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी लागते. कोमट पाण्यात बसवणे, कॅल्शियम देणे, वंगण लावून हलक्या हाताने मदत करणे, एवढ्यावर पुष्कळदा काम होते. जोर लावून दाबले आणि अंडे आत फुटले तर कोंबडी जाते. घरच्यांना पुढे काय सांगायचे तेही ठरलेले आहे: नुसता भात, पोळी आणि फरसाण बंद करायचे, अंडी देणाऱ्या कोंबडीचे तयार खाद्य सुरू करायचे, एका वाटीत शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवायचा. ती लागेल तेवढा चुरा स्वतःच खाते. जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. दारे-खिडक्यांचे खपले पडलेल्या जुन्या रंगात शिसे असू शकते आणि कोंबडी ते वेचून खाते. सिडनीतल्या परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत दुकानातल्या अंड्यांच्या मानाने सरासरी चाळीस पट शिसे आढळले होते. घरचे अंडे म्हणजे निर्मळ अंडे, या समजुतीने निर्धास्त राहू नये.

राणीखेत हा रोग कोंबडी पाळणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असावा. जगात तो न्यूकॅसल नावाने ओळखला जातो. हिंदुस्थानात १९२० च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊंतल्या राणीखेतला त्याची नोंद झाली आणि तेच नाव रूढ झाले. मराठी मुलखात त्याला मानमोडी म्हणतात. श्वास घरघरतो, हिरवी पातळ हगवण लागते, पंख लुळे पडतात, मान पिळवटून पाठीवर जाते. औषध नाही. लस मात्र उत्तम आहे आणि जुनीही: पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर मुक्तेश्वरला तयार झालेल्या आर-टू-बी वाणाचे टोचण. औंधच्या संस्थेत या लसी तयार होतात. तरीही शहरातल्या किती घरगुती कोंबड्यांना ती मिळते, असे कोणत्याही डॉक्टरांना विचारले तर ते मान हलवतात. मारेक या दुसऱ्या रोगाची लस तर पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात द्यावी लागते. रस्त्यावरच्या रंगीत पिल्लांना ती मिळालेली असेलच, याची कसलीच खात्री नसते.

यावर तोडगा साधा आहे. एका भागातल्या कोंबडीवाल्यांसाठी एकच सकाळ ठरवली तर शंभर डोसांची एक बाटली एका तासात सत्कारणी लागते. कुत्र्यांसाठी रेबीज लसीकरणाची शिबिरे होतात, तशी ही व्हावीत. फक्त कोंबड्या एकत्र जमवू नयेत, डॉक्टरांनीच गल्लीतून फिरावे, नाहीतर लसीबरोबर रोगही वाटला जायचा.

शहराच्या स्वार्थाचा मुद्दा इथून पुढे सुरू होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि नवापूरच्या शेड रिकाम्या झाल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या दगावल्या, तोही बर्ड फ्लूच होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांमध्ये तो सापडला. ज्या दवाखान्याच्या बाकावर मांजराची टोपली आणि कोंबडीची टोपली शेजारी-शेजारी ठेवली जाते, त्याने छिंदवाड्याची बातमी भिंतीवर लावून ठेवावी.

माणसांचे म्हणाल तर महाराष्ट्राचे उदाहरण आहेच. २०१९ मध्ये मेळघाटातल्या सतरा महिन्यांच्या एका बाळाच्या नमुन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला एच-नाइन-एन-टू हा पक्ष्यांचा फ्लू सापडला. भारतात माणसात तो सापडण्याची ती पहिली वेळ. बाळ बरे झाले. दोन वर्षांनी हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा एच-फाइव्ह-एन-वन या बर्ड फ्लूने दगावला आणि त्याचे निदानही पुण्यातच झाले. अशा घटना फार थोड्या आहेत, त्यांनी घाबरून कोंबड्या सोडून देण्याचे कारण नाही. पण शेडवर मालकाचे, कंपनीचे, सरकारचे लक्ष असते. वस्तीतल्या तीन कोंबड्या एका रात्रीत मेल्या तर त्या कचऱ्याच्या गाडीत जातात आणि कोणालाच काही कळत नाही. त्या कोंबड्यांचा मालक ज्या डॉक्टरांना ओळखतो, ते गल्लीतले डॉक्टर हाच तिथला एकमेव पहारा. त्यांनी "आम्ही कोंबड्या बघत नाही" म्हणून फोन ठेवला की पहारा उठला.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांसाठीचा २००९ चा कायदा बर्ड फ्लू आणि राणीखेत या दोहोंना लागू आहे आणि संशय आला तरी कळवणे बंधनकारक आहे. कळवल्यावर काय होते, याची भीती मात्र खरी आहे. बर्ड फ्लू ठरला तर बाधित ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटरमधले सगळे पाळीव पक्षी मारले जातात, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. त्यात घरातली, नाव ठेवलेली कोंबडीही जाते आणि भरपाई मिळते ती पक्ष्याच्या ठरलेल्या दराने. हा नियम कठोर आहे आणि लोकांच्या आरोग्यासाठी तो पाळावा लागतो. पण ज्या घरावर तो कोसळतो त्या घराला आधीपासून विश्वासाने बोलणारा डॉक्टर असेल तर कोंबडी लपवली जात नाही. लपवलेल्या कोंबडीतूनच साथ पुढच्या वस्तीत जाते.

उरला प्रश्न अंड्यांचा. कायद्याच्या लेखी कोंबडी हा खाण्याचा प्राणी आहे, मग तिचे नाव राणी असो की सोनी. भारतात २०१२ पासून अशा प्राण्यांच्या औषधाच्या वेष्टनावर थांबण्याचा काळ, म्हणजे औषधानंतर किती दिवस अंडी-मांस खायचे नाही ते, लिहिणे सक्तीचे आहे. तो ठरवून दिलेला नसेल तर अंड्यांसाठी किमान सात दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी अठ्ठावीस दिवस धरायचे. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा आधार असलेले प्रतिजैविक जुलै २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी बंद आहे. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन बंद केले. कुत्र्यांना ते सर्रास दिले जाते, म्हणून शहरी डॉक्टरांचा हात सवयीने त्याच बाटलीकडे जातो. कोंबडीच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली "अंडी अमुक तारखेपर्यंत खाऊ नयेत, विकू नयेत, शेजाऱ्यांना देऊ नयेत" एवढी ओळ लिहायला एक मिनिट लागते. ही ओळ नसलेली चिठ्ठी अपुरी समजावी. आणि मालकही कधी कधी मेडिकल दुकानातून पावडर आणून स्वतःच देतात. त्यांना रागावण्यापेक्षा डॉक्टर जवळ आणि परवडणारा हवा.

परवडण्याचे गणित टाळता येत नाही. वीस-तीस रुपयांच्या पिल्लासाठी तपासणीचे काही शे रुपये द्यायचे, याला पुष्कळ घरांत हसतात. "एवढ्यात चार नवीन येतील," हे वाक्य प्रत्येक कोंबडीवाल्याने ऐकलेले असते. पण ज्यांना उत्तर मिळाले पाहिजे, ती माणसे ते वाक्य बोलतच नाहीत. ती रिक्षात टोपली मांडीवर धरून आलेली असतात. रस्त्यावर सापडलेल्या मांजरीवर हजारो रुपये खर्च होतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. जीव लावण्याला बाजारभावाची पट्टी लावायची तर ती सगळ्यांनाच लावावी लागेल. विकत घेतलेल्या जीवाला वेदना कमी होतात, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न आधी आला. ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्टने शेडमधून निवृत्त झालेल्या दहा लाखांहून अधिक कोंबड्या घरोघरी दिल्या. त्यामागोमाग तिथल्या साध्या दवाखान्यांना कोंबडी शिकावीच लागली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. साथ आली तर फोन कोणाला करायचा हे त्यामुळे कळते. अमेरिकेत २०१४ साली परसातल्या कोंबड्यांच्या औषधोपचारांवर पशुवैद्यांसाठी स्वतंत्र ग्रंथ निघाला. तिथे परसातल्या कोंबड्यांमधून साल्मोनेला झाल्याच्या सतराशेच्या वर नोंदी एकट्या २०२० मध्ये झाल्या. त्यामुळे कोंबडीला हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे आणि लहान मुलांनी तिचे मुके घ्यायचे नाहीत, हा सल्ला तिथे दिला जातो. पुण्यातही तो द्यायला हवा.

पुण्याजवळ यापेक्षा जास्त आहे: लस इथेच तयार होते, प्रयोगशाळा इथेच आहे, कळपाचे जाणकार तासाभराच्या अंतरावर आहेत. उरुळीच्या संस्थेने शहरातल्या पशुवैद्यांसाठी एका दिवसाची कार्यशाळा घेतली, टेबलावर जिवंत कोंबड्या ठेवून त्या हाताळायला दिल्या, तर निम्मा संकोच तिथेच गळून पडेल. शिरवळच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपमध्ये काही दिवस घरगुती कोंबड्यांसाठी ठेवता येतील. आणि दवाखान्यात कोंबडीला वेगळी वेळ द्यावी, शक्यतो शेवटची, म्हणजे नंतर टेबल आणि फरशी नीट धुता येते आणि मांजरांशी गाठ पडत नाही.

कोंबडी वाचली नाही तर तिची शेवटची तपासणी मालकांच्या हातात असते. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे आणि मास्क घालून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळावा आणि बर्फाच्या डब्यात ठेवावा, फ्रीझरमध्ये नको, गोठलेल्या अवयवांवरून नेमके निदान अवघड होते. एकाहून जास्त पक्षी अचानक मेले असतील तर हलवाहलव न करता आधी १९६२ या पशुसेवेच्या क्रमांकावर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. एकच असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह त्याच दिवशी औंधच्या रोग अन्वेषण विभागात पोचवावा. चिठ्ठीवर कोंबडीचे वय, ती कुठून आणली, कोणत्या लसी झाल्या, काय खात होती आणि घरात आणखी किती पक्षी आहेत, एवढे लिहिलेले असावे.